शाल-श्रीफळ नको, आमची वही तपासा

प्रति,
मा. मुख्याध्यापक सर, शाळा समितीचे सर्व सदस्य
आणि शाळेच्या फ्रिसबी संघातल्या मुलामुलींचे आईवडील

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात शाळेतले शिपाई काका माझ्या सेवा केंद्रावर निरोप घेऊन आले. 26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आम्हा तिघा प्रशिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं समितीनं ठरवलं आहे, तर नावं नीट लिहून द्या, असं ते म्हणाले. मी नावं दिली नाहीत. त्यांना वाटलं, बाई लाजतेय. संध्याकाळी कृषी केंद्रवाले दादा, पोस्टातले भाऊ आणि मी असे तिघं मैदानाच्या कट्ट्यावर बसलो. अंधार पडेपर्यंत बोललो आणि मग हे पत्र लिहायचं ठरलं. हात माझा आहे, म्हणणं तिघांचं आहे.

तुमच्या मनात आमच्याबद्दल माया आहे, हे आम्हाला कळतं. पण सत्काराच्या जागी आम्हाला दुसरंच काही हवं आहे. तुम्ही आम्हाला प्रश्न विचारावेत, एवढं.

चार वर्षं झाली आम्ही तुमच्या लेकरांना शिकवतोय. सोमवार, बुधवार, शुक्रवार शाळा सुटल्यावर आणि रविवारी सकाळी. या चार वर्षांत एकाही पालकानं मला विचारलं नाही की बाई, तुम्ही हे कुठं शिकलात, मैदानावर तुमच्याशिवाय कोण असतं, पोरगी पडली तर तुम्ही काय करता. दर वर्षी संमतीपत्रं घरी पाठवतो. दुसऱ्या दिवशी ती सगळी सही होऊन येतात, आणि बहुतेक न वाचता. हे मी अंदाजानं बोलत नाही. दिवसभर मी याच गावातल्या लोकांचे अर्ज भरते, पीक विम्याचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे, शिष्यवृत्तीचे. माणूस खुर्चीवर टेकतो आणि पहिलं विचारतो, "सही कुठी करू?" त्या कागदावर काय लिहिलंय, हे विचारणारा महिन्यात एखादा.

एका आईला मी एकदा मुद्दाम थांबवलं. म्हटलं, काकू, आम्ही तुमच्या मुलीला नागपूरला नेतोय, रात्री मुक्काम आहे, कुठं उतरणार ते तरी विचारा. त्या म्हणाल्या, "बाई, तुमी फुकट शिकवता नं. मंग तुमाले काय इचाराव?"

त्या वाक्यात वाईट हेतू कणभरही नव्हता, उलट आदरच होता. तरी ते मला फार लागलं. पैसे घेणाऱ्या ट्युशनवाल्याला आपण हक्कानं विचारतो. मोटार दुरुस्त करणाऱ्याला विचारतो, बियाण्याच्या पिशवीवरची तारीख बघतो. फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल विचारणं मात्र आपल्याला उद्धटपणा वाटतो. आणि इथं तर त्या फुकटात तुम्ही तुमचं लेकरू आमच्या हातात देता.

आता खेळाबद्दल थोडं सांगते, कारण समितीतल्या बऱ्याच जणांनी तो पाहिलेला नाही आणि "ते तबकडी फेकणं" एवढ्यावरच त्याची ओळख थांबते. खेळाचं पूर्ण नाव अल्टिमेट. डिस्क 175 ग्रॅमची असते. पूर्ण मैदान 100 मीटर लांब, 37 मीटर रुंद, दोन्ही टोकांना 18-18 मीटरचे पट्टे. एका बाजूला सात खेळाडू. हातात डिस्क आली की धावायचं नाही. एक पाय जमिनीला रोवून त्याच पायावर फिरायचं आणि दहा अंक मोजून व्हायच्या आत सोबत्याकडे फेकायची. ते अंक समोरचा गडी मोठ्यानं मोजतो. डिस्क जमिनीला लागली की ती समोरच्या संघाची. प्रतिपक्षाच्या पट्ट्यात झेलली की एक गुण. अंगाला अंग लावायचं नाही. आपलं मैदान खो-खोच्या खांबापासून लिंबाच्या झाडापर्यंतच पुरतं, म्हणून आम्ही पाच-पाच जणांचा खेळ खेळतो. चुन्याच्या फक्कीनं रेषा मारतो आणि कोपऱ्यांना रंगवलेल्या विटा ठेवतो. हिवाळ्यात सरावाआधी सगळ्यांनी मिळून सराटे वेचायचे, हा आमचा वॉर्म-अप.

फेकण्यात ताकदीपेक्षा मनगट चालतं. डिस्क फिरली तरच हवेत स्थिर राहते. नुसता जोर लावून ढकलली की डगमगते आणि पडते. म्हणूनच आठवीतली काटकुळी पोरगी दहावीतल्या दांडग्या पोरापेक्षा लांब फेकते, असं आमच्याकडे दर हंगामात घडतं. वाऱ्याच्या तोंडावर फेकताना डिस्कची पुढची कड जरा वर राहिली तर वारा तिला उचलून मागे आणतो. पोरं हे पुस्तकातून शिकली नाहीत. मार्चमध्ये दुपारनंतर वावरातून येणाऱ्या वाऱ्यानं शिकवलं.

आणि हा खेळ मोठ्यांनी शोधलेला नाही. 1968 साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मेपलवूड नावाच्या गावात कोलंबिया हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. शाळेच्या गाड्या लावायच्या जागेत, दिव्याच्या उजेडात खेळायचे. 1970 मध्ये शेजारच्या शाळेशी त्यांचा पहिला सामना झाला. हायस्कूलच्या पोरांचा खेळ 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मान्यतेपर्यंत पोचला. आमच्या पोरांना ही गोष्ट सांगितली की ती आपल्या सायकल स्टँडकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

पण या पत्रापुरता महत्त्वाचा नियम एकच: या खेळात पंच नसतो. जागतिक स्पर्धेतसुद्धा फाउल झाला की नाही हे खेळाडूच ठरवतात. ज्याला धक्का लागला तो हाक देतो. समोरच्याला पटलं तर तो मान्य करतो. नाही पटलं तर दोघं थोडक्यात आपापलं सांगतात, आणि तरीही जुळलं नाही तर डिस्क फेकणाऱ्याकडे परत जाते. सामना संपला की दोन्ही संघ मिसळून, खांद्यावर हात टाकून गोल करतात आणि एकमेकांचं काय आवडलं, काय खटकलं ते तोंडावर सांगतात. मग प्रत्येक संघ समोरच्या संघाला पाच बाबींवर गुण देतो: नियम माहीत होते का, धक्काबुक्की टाळली का, न्यायानं वागले का, मन आणि डोकं ताळ्यावर होतं का, नीट बोलले का. प्रत्येकाला 0 ते 4.

पंच नाही म्हणजे विचारणारं कोणी नाही, असा अर्थ लोक काढतात. खरं तर मैदानावरचा प्रत्येक जण विचारू शकतो, आणि ज्याला विचारलं त्याला उत्तर द्यावंच लागतं. गेल्या वर्षी नागपूरला आपण एक मैत्रीचा सामना खेळलो. गुण बरोबरीत. आपल्या दहावीतल्या मुलीनं पट्ट्यात डिस्क झेलली, सगळी पोरं नाचायला लागली, आणि ती हात वर करून उभी राहिली. म्हणाली, "ताई, माझा पाय बाजूच्या रेषेवर होता." कोणीच पाहिलं नव्हतं. डिस्क समोरच्यांना गेली आणि आपण एका गुणानं हरलो. परतीच्या गाडीत एका मुलाच्या वडिलांनी मला हळूच विचारलं, "काहून सांगतलं व तिनं?" मी उत्तर दिलं नाही, कारण ती मागच्याच सीटवर होती आणि तिनं ऐकलं होतं. तिला कोणी समजावायची गरज नव्हती. ती खिडकीतून कापसाच्या गाड्या बघत होती, अगदी निवांत.

पंधरा वर्षांच्या मुलीला आम्ही हे मागतो. मग आमच्यापाशी काय आहे? आमचा पाय रेषेवर पडला तर कोण सांगणार?

तो पडलेला आहे. दोन वर्षांपूर्वीची ऑगस्टमधली संध्याकाळ. त्या दिवशी दादा युरियाची गाडी आली म्हणून दुकानावर अडकले होते, भाऊ बाहेरगावी. मैदानावर मी एकटी आणि बावीस पोरं. पावसानं जमीन ओली, आणि मी पोरांना झेप घेऊन झेलायला शिकवत होते. ओल्या जमिनीवर ते त्या दिवशी शिकवायला नको होतं. एक मुलगा खांद्यावर पडला. गळ्याखालचं हाड मोडलं. प्रथमोपचाराची पेटी नव्हती. त्याच्या घरचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. बाकीच्या एकवीस पोरांना मी मैदानावर तसंच सोडलं. शेजारच्या घरातल्या एकाची मोटारसायकल मागितली आणि मुलाला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. त्याच्या आईला बातमी कळली ती सव्वा तासानं, तीही दुसऱ्या कोणाकडून.

हाड जुळलं. मुलगा आज तुमच्यासमोर खेळतोय. पण त्या रात्री त्याचे वडील माझ्या घरी आले आणि त्यांनी हात जोडले. "ताई, तुमी होत्या म्हणून वाचलं पोट्टं." मी खूप वेळ रडले. त्यांनी मला चार शब्द सुनवायला हवे होते. तुम्ही एकट्या का होता, पेटी का नव्हती, नंबर का नव्हता. समितीनं मला बोलवून जाब विचारायला हवा होता. कोणी काहीच विचारलं नाही, आणि वर्षभर माझ्याबद्दल चांगलंच बोललं गेलं. तेव्हापासून ही गोष्ट मनात आहे. आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझे आजोबा गावच्या आखाड्यात जायचे. तिथला वस्तादही पैसे घेत नव्हता. पण आखाडा गावाच्या मधोमध होता आणि रोज संध्याकाळी दहा-पंधरा म्हातारी माणसं कठड्यावर बसलेली असायची. वस्तादानं एखाद्या पोराला जास्त रगडलं की कठड्यावरून आवाज यायचा. आपलं मैदान शाळेच्या मागे आहे. पलीकडे पऱ्हाटी आणि तूर. डिसेंबरात पावणेसहाला दिसेनासं होतं. तिथं काय चाललंय हे आमच्याशिवाय कोणाला दिसत नाही. आपल्या वऱ्हाडात बिनपैशानं शिकवण्याची रीत जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये उभं राहिलं आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूनं देशी खेळ जगाला दाखवले. मला वाटतं, ते इतकं टिकलं कारण ते एकाच्या चांगुलपणावर उभं नव्हतं. ती संस्था होती.

म्हणून आमच्या मागण्या सांगते. काही आमच्याकडून घ्यायच्या आहेत, काही आम्हाला द्यायच्या.

सगळ्यात आधी, आमची पडताळणी करा. चारित्र्य पडताळणीचे अर्ज मी रोज दुसऱ्यांचे भरते. आम्हा तिघांचे भरून पोलीस ठाण्याकडे पाठवले आहेत, पावत्यांच्या प्रती या पत्रासोबत मुख्याध्यापक सरांकडे दिल्या आहेत. यापुढे मैदानावर शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाला हे लागू करा, तो कोणाचाही मुलगा असो, कोणाचाही जावई असो. कोणाला राग आला तर येऊ द्या. मैदानावर सरावाच्या वेळी कमीत कमी दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत आणि त्यातली एक बाई. तसं नसेल त्या दिवशी सराव रद्द, मग दुसऱ्या दिवशी सामना का असेना. कोणताही प्रशिक्षक एकट्या मुलाला किंवा मुलीला आपल्या गाडीवर घरी सोडणार नाही. रात्री-अपरात्री मुलांना वैयक्तिक मेसेज करणार नाही. जे सांगायचं ते पालकांच्या ग्रुपवर.

शाळेत मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी आहे. त्या पेटीत आमच्याबद्दलही चिठ्ठी टाकता येते, हे मुलांना आम्ही सांगितलं तर ते पुरत नाही. शाळेनं सांगायला हवं. पेटीची किल्ली आमच्यापैकी कोणाकडेही नको. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला लागू आहे, आणि असा प्रकार कळूनही पोलिसांना न सांगणं हाही त्या कायद्यानं गुन्हा आहे. गावात अशा गोष्टी "आपसात मिटवू" म्हणून झाकल्या जातात. आमच्याबद्दल कधी काही कानावर आलं तर आमच्या तोंडाकडे बघून गप्प बसू नका. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर मैदानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवायचा आहे. रंग आम्ही आणतो, परवानगी तुम्ही द्या.

दुसरं, वही. त्यात प्रत्येक मुलाचं नाव, घरचे दोन फोन नंबर, दमा, फिट किंवा आणखी काही असेल तर ते, आणि रोजची हजेरी. मागच्या पानांवर पैशांचा हिशेब. चार वर्षांत गावानं दिलेले 18,650 रुपये, त्यातल्या डिस्क, प्रवासभाडं, प्रथमोपचाराच्या दोन पेट्या, सगळं तारखेनिशी. ही वही आजवर माझ्या घरी राहिली. ती शाळेच्या कपाटात असायला हवी आणि दर महिन्याला समितीतल्या कोणीतरी तपासून सही करायला हवी. वाचून सही.

आता तुमच्याकडून हवं ते. संघात पंचवीस नावं आहेत, त्यात मुली अकरा. मिश्र संघाचा हा खेळ आहे. जागतिक स्पर्धांत मिश्र गटात सात जणांत चार-तीन असं प्रमाण ठेवावं लागतं. पण अकरापैकी सहा मुली बाहेरच्या खेड्यांतून, शाळकरी मुलींसाठीच्या मानव विकासच्या निळ्या बसनं येतात. शाळा पाचला सुटते, बस सव्वापाचला निघते. म्हणजे त्या आठवड्यातून फक्त रविवारी खेळू शकतात, तेही कोणी आणून सोडलं तर. वेचणीच्या दिवसांत तेवढंही जमत नाही. रविवारी आई वावरात आणि धाकटी भावंडं हिच्याकडे. यातल्या एका मुलीचा फ्लिक, म्हणजे मनगटाच्या झटक्यानं केलेली फेक, इतका सरळ जातो की मी कॉलेजात असताना पुण्यात पाहिलेल्या कितीतरी खेळाडूंना तो जमत नव्हता. आठवड्यातल्या दोन दिवशी, बुधवारी आणि शुक्रवारी, ही बस तासभर उशिरा सोडावी असं पत्र शाळेनं आगार व्यवस्थापकांना द्यावं. आम्ही जाऊन भेटलो, पण शाळेच्या लेटरहेडशिवाय ते काही करू शकत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. बस उशिरा सोडणं अगदीच जमत नसेल तर त्या दोन दिवशी शेवटची तासिका खेळाची करा.

मैदान हे दुसरं. शिक्षण हक्क कायद्यानं, 2009 च्या, शाळेला क्रीडांगण असणं बंधनकारक केलं आहे. आपल्याकडे ते आहे, हे भाग्य. पण लग्नसराईत त्याच्यावर मंडप पडतात आणि मांडववाले खिळे, काचा, तारा तशाच टाकून जातात. अनवाणी खेळणारी पोरं आहेत हो. भाड्याचे पैसे शाळेला लागतात हे मान्य आहे. मैदान साफ करून दिल्याशिवाय अनामत परत द्यायची नाही, एवढी अट घाला.

आणि शेवटची गोष्ट, जी तिघांनाही बोलायला जड गेली. आम्ही कायमचे नाही. भाऊंची बदली कधीही होऊ शकते. दादांच्या दुकानाचा हंगाम जूनमध्येच असतो, नेमका शाळा उघडते तेव्हा. माझं स्वतःचं दोन वर्षांनी काय होईल ते मला सांगता येत नाही. स्वयंसेवक जातो तेव्हा कोणाला राजीनामा देत नाही, एक दिवस नुसता येत नाही. पोरं मात्र विटा ठेवून वाट बघत बसतात. म्हणून आमच्याकडून लिहून घ्या, की सोडायचं असेल तर दोन महिने आधी सांगू आणि पुढच्याला तयार करून जाऊ. दहावी होऊन अकरावीला तालुक्याला जाणारी आपलीच मुलंमुली रविवारी गावात असतात. त्यातल्या तिघांना या उन्हाळ्यापासून आम्ही शिकवण्याचं शिकवणार आहोत, सकाळी साडेपाच ते सात, उन्हं चढायच्या आत. त्यांची नावंही वहीत असतील, आणि त्यांच्यावरही हेच नियम.

26 जानेवारीच्या कार्यक्रमातून आमची नावं काढा. तो वेळ मोकळा झाला तर पोरांना दहा मिनिटं खेळून दाखवू द्या. गावानं त्यांना नागपूरचे कपडे घालून जाताना पाहिलंय, खेळताना पाहिलेलं नाही.

त्याआधीच्या रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर पालकांची सभा ठेवली आहे. आईनं यावं ही खास विनंती, वडील आले तरी आईनंही यावं. वही लिंबाच्या झाडाखालच्या कट्ट्यावर उघडी ठेवलेली असेल. नवीन संमतीपत्रं तिथंच वाचून दाखवू, एकेक ओळ. मग ज्याला पटेल त्यानं सही करावी.

आपली नम्र,
शाळेच्या फ्रिसबी संघाच्या तिन्ही प्रशिक्षकांच्या वतीनं,
सेवा केंद्रातली ताई